पाच पायांचा शेणकिडा

आमच्या कुर्नात दगडाला वय चढवतात.
कोवळं संगजिरं, कालपरवा कोरलेलं,
चहाच्या चोथ्यात उकळायचं,
गाढवाच्या लिदीत पुरायचं महिनाभर,
आणि गिऱ्हाईक दारात असेल
तर टर्कीला चारायचं.
मक्याच्या पिठात लपेटून,
अंगठ्याच्या नखाएवढा एकेक शेणकिडा.
इकडून नवा जातो,
तिकडून तीन हजार वर्षांचा होऊन पडतो.
हसू नका.
त्या टर्कीच्या जिवावर आम्ही शाळा शिकलो.

बाबा ओट्यावर बसायचे, मांडीत गोणपाट.
मागे भिंतीवर चुलत्याच्या हजचं चित्र :
काळा काबा, निळं विमान, एक पंख वाकडा.
पुढे उन्हात ओळीने देव :
कोल्ह्याच्या तोंडाचा, ससाण्याच्या तोंडाचा,
आणि कान उडालेली मांजर, तिचा भाव निम्मा.
अजान झाली की बाबा गोणपाट झटकून
त्या सगळ्यांवर पांघरायचे.
का, म्हणून मी एकदा विचारलं.
म्हणाले, "त्यांना वाईट वाटू नये."

मी पॉलिश करते. मेण आणि जुनी लोकर.
पण शेणकिडा बाबांच्याच हातचा.
"मेलेल्याच्या छातीवर ठेवायचे हा," ते सांगत,
"पलीकडे गेलं की काळीज तराजूत घालतात,
दुसऱ्या पारड्यात पीस.
आणि काळीज म्हणजे महाबडबडं,
विचारायच्या आधीच सगळं ओकतं.
म्हणून वरून दगड."

रिफाई रशीदला गेला,
तिथून रात्री बोटीत बसला, इटलीसाठी.
"पोचलो की फोन करतो," म्हणाला.
त्याच्या चपला अजून ओट्याखाली आहेत,
एक उलटी.
शेजारच्या बाया म्हणाल्या,
बुगदादी, काळजावर दगड ठेव.
कोणाला सांगत होत्या!
ज्याचा चाळीस वर्षं तोच धंदा,
त्याला.

बाबा दुसऱ्या दिवशी कामाला बसले.
रडले नाहीत. जेवले.
महिन्याने गिरगिस व्यापाऱ्याने
बारा नग परत पाठवले :
एक पाय कमी आहे.
बाबांनी मोजले.
डावीकडे तीन, उजवीकडे दोन.
"चुकलो," म्हणाले,
आणि पुढच्या बारांतही
पाचच.
गिरगिसने नाद सोडला.
आईने मोजणं सोडलं.
मी पॉलिश करताना
त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवायची,
तिथे दगड जरा गरम लागायचा,
किंवा माझंच बोट असेल.
गप्प राहायला म्हणून कोरलेला दगड
गावभर बोलत सुटला होता,
आणि बाबांना ते ऐकू येत नव्हतं.

यंदा टर्की म्हातारी झाली.
आईने कापली, पोट साफ करायला घेतलं,
आणि थांबली.
पाण्याच्या भांड्यात काहीतरी टणकन पडलं.
कधीतरी गिळलेला, बाहेर न आलेला एक.
गुळगुळीत, हिरवट काळा,
पाठीवरच्या रेघा जवळपास पुसलेल्या.
आईने पदराला पुसून उलटा केला.
सहा.

गिरगिसने भिंग लावलं.
त्याचा आवाज खाली आला, जसा दर्ग्यात येतो.
"हा खरा," म्हणाला, "हा त्या काळचा.
टेकडीतून निघालाय, कबूल कर,
आकडा सांग."

उभ्या आयुष्यात बाबांनी
नव्याला जुनंच म्हटलं होतं,
शपथेवर, चार भाषांत.
त्या दुपारी त्यांनी तो हातात घेतला,
मूठ मिटली, उघडली,
पाय पुन्हा मोजले, मग म्हणाले,
"नवा आहे हा. माझ्या हातचा.
मुलगा घरी होता तेव्हाचा."

गिरगिसला ते पटलेलं नाही.
दर आठवड्याला येतो,
चहा पितो,
भाव थोडा वाढवून सांगतो.