हातउसनं

क्लाक्सविकला जूनमध्ये रात्र नावापुरती.
पहाटे तीनच्या उजेडात
सामन माशांचं खाणं थांबलं.

मारयुन मोज्यांवरच खाली आली.
शेड्युलर जागा होता,
पंचवीस थ्रेड बाह्या सरसावून बसलेले
आणि डेटाबेसकडे जायला कनेक्शनं दहा.
लॉगमध्ये एकच ओळ, चारशे वेळा:
वाट पाहतोय.

दहातली सहा सापडली
ट्रोंडुरच्या जुन्या जॉबपाशी.
काही बिनसलं की तो तसाच बाहेर पडायचा,
हातउसनं जागेवर न ठेवता.
ट्रोंडुर स्वतः गेल्या हिवाळ्यात कोपनहेगनला गेला,
बोटघराची किल्ली खिशात.
एवढ्याशा लोखंडासाठी
फोन कोण करतं?

तिनं लिहिलं: काहीही होवो, जाताना परत कर.
दहाचे अठ्ठावीस केले.
पंचविसांना एकेक,
वरची तीन शेड्युलरची;
वाढणाऱ्यालाही कधीतरी पानावर बसायचं असतं.

देण्याआधी प्रत्येक कनेक्शनला विचारायचं,
जिवंत आहेस ना?
कारण निजलेल्यांच्या तारा
फायरवॉल गुपचूप कापते.
आणि वाट पाहायची ती तीस सेकंद,
मग सरळ नाही म्हणायचं.

पावणेचारला फ्योर्डमधल्या पाइपांतून
दाणे सुटले.
तिला ते ऐकू आलं नाही,
एक आकडा तेवढा हलला,
परत आलेली: अठ्ठावीस.

कॉफी न करताच तिनं फोन घेतला.
'ट्रोंडुर, किल्ली टपालानं पाठव. घाई नाही.'

मग शेवटचे दोन शब्द
पुसले.