महिन्याला तीनशे

शब्दकोशात विजेरी. आमच्याकडे बॅटरीच.
दुधाच्या हिशेबाची वही मी मागून सुरू केली आहे,
तिथे माझ्या बॅटऱ्या राहतात:
नंबर, कुठून, किती सांगितले, किती दिले.
महिन्याला तीनशे. त्यावर नाही.
दुपारचा दुसरा चहा बंद,
आणि भायखळ्याच्या दवाखान्यातून माझगावपर्यंत चालत,
केसपेपर लिहून आखडलेली बोटं
खिशातली नाणी मोजत.

लोहार चाळीतले मुस्तनसीरभाई
मला गिऱ्हाईक मानत नाहीत, पाहुणा मानतात.
खोक्यावर दहा हजार ल्युमेन छापलेलं असतं.
मी ती हातात घेतो, काउंटरखाली वाकतो,
बिलबुकांमागच्या अंधारात एकदा दाबतो
आणि म्हणतो, दोनशे. फार तर दोनशे वीस.
मी रुपयांचं बोलतोय असं त्यांना वाटतं.

काचेच्या कपाटात, वरच्या खणात, ती आहे.
काळी, मुठीएवढी, साडेसहा हजारांची.
म्हणजे बावीस महिने, मध्ये एकही सेल न घेता.
तिची किंमत मी आता विचारत नाही.
तब्येत विचारतो.

हेमांगी म्हणते, मुंबईत दिवे जातात तरी कधी?
खरं आहे. इथे अंधारच महाग.
गच्चीवर जावं तर गोदीच्या दिव्यांनी आभाळ तांबूस,
जिन्यात ट्यूब, बोळात ट्यूब.
म्हणून मी पलंगाखाली सरपटतो,
पाण्याच्या टाकीचं झाकण उचलतो,
मीटरच्या खोलीत दार लावून उभा राहतो,
सत्तेचाळीस वर्षांचा माणूस,
भिंतीवरचा गोल बघत.
प्रत्येकीचा गोल निराळा.
कुणाला पिवळी किनार, कुणी कडेनं निळसर,
चोरबाजारातली पितळी तर
दोन चापट्या खाते, विचार करते,
मग पेटते.

एका मार्चमध्ये केबल जळाली.
रस्ता खणलेला, माणसं उद्या येणार.
रात्री साडेआठला दोन्ही विंग, लिफ्टसकट, काळ्याठिक्कर.
मी वही घेतली, पिशवी घेतली,
तळमजल्यापासून वाटत गेलो.
पिंटोबाईंना एकोणीस नंबर, हलकी आहे.
घागांना तीन सेलची, त्यांना रात्री तीनदा उठावं लागतं.
पुढे कुणाला कुठली, अंधारात लिहायचं राहिलं.
कुणी हसलं नाही. हेमांगीसुद्धा.
एकतीस खिडक्या, एकतीस तऱ्हांचा उजेड.
मी चौकात उभा राहून
बराच वेळ मान वर.

सकाळी तीस परत आल्या.
सात नंबर नाही. मुसाफिरखाना, नव्वद रुपये, बटण अडकतं.
नव्वद रुपयांसाठी दारं वाजवायची?
वहीत तिच्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं.
शिसपेन्सिलीनं.

मे महिन्यात, रात्री, पंख्याखाली पडलो असताना
कॅलेंडरच्या वर एक गोल येऊन उभा राहिला.
पिवळी किनार, मध्ये बोराएवढा डाग.
माणसं चालीवरून ओळखू येतात, तशी ओळखू आली.
समोरच्या विंगचा तिसरा मजला.
गोल विझला (बटण अडकलं असणार),
पुन्हा आला, खिडकीच्या गजापासून
कपाटावरच्या सुटकेसपर्यंत सरकला,
मागे गेला, पुन्हा सरकला.
कुठवर पोचतं ते बघत.
मी हललो नाही. हे मोजणं माझ्या ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तांडेलांची ऊर्वी,
आठवीतली, हात पाठीमागे.
वाटलं, आता सॉरी म्हणेल.
म्हणाली, काका, झोत लांब जायला
काय बदलायचं? काच की सेल?

मी पायरीवरच बसलो.
आधी सांग, म्हटलं, महिन्याला मिळतात किती तुला?
चाळीस, ती म्हणाली.
पण मी शाळेतून चालत येते.