बिनदुधाचा चहा

भाऊच्या धक्क्यावरून आणलेल्या
थर्माकोलच्या खोक्यांना अजून बांगड्याचा वास.
त्यातच आयलीन वाँगनं लावलेत
मुळा, लाल माठ, पातीचा कांदा,
माझगावच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला.

"उपटू नको गं, काप. पुन्हा येते पात."
चाळीस वर्षं भुवया कोरल्या तिनं.
पार्लर बंद झालं,
बोटं नाही झाली.

मुळा किसला, मीठ लावून पिळला.
सुटलेलं पाणी तिनं पिठात घेतलं,
आल्याची सालं चहाच्या पाण्यात.

मी सवयीनं कळ्या पाडत गेले,
नाक वर काढून मिटवलं.
"हा तुझ्या गणपतीला," ती हसली.
"करंजीसारखा धर. कळ्या एकाच अंगाला,
दुसरी बाजू सपाट राहू दे, तीवर तो बसतो."

चाळणीत हळदीच्या पानाऐवजी कोबीचं पान.
दोन फुटले.
फुटलेले आधी, उभ्यानंच, फुंकर मारत.

"तुमच्यात काय म्हणतात ह्याला?"
ती वाफेकडे बघत राहिली.
"आई म्हणायची काहीतरी.
आता गल्लीतली पोरं मोमो म्हणतात,
तेच येतं तोंडात."

चहा फिका, गवती रंगाचा.
पहिल्यांदा साखर मागितली होती मी,
आजारी माणसाचा चहा वाटला होता.

शेवटी तो नाकवालाच उरला.
तू घे, तू घे.
मग तिनं रिळाचा दोरा तोडला,
एक टोक दातांत धरलं,
आणि मधोमध,
जराही न ओढाताण करता,
दोन केले.