ओलं जाळं

रोहू वर आले पोटावर लाल ठिपके घेऊन.
आधी सात, मग टोपलंभर,
मग देवचंद मारबतेने मोजणंच सोडलं
आणि डोंगा पाळीला लावून नुसता बसून राहिला.
देवचंद मारबते म्हणजे माझा बाप.
मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, तिसरी पास.

गावात बोलणं एकच :
परसोडीवाल्यांनी औषध टाकलं.
लिलावाचा राग.
कोणाला तरी तुडुमाजवळ बाटली सापडली,
ती फवारणीची निघाली, तीन वर्षं जुनी,
तरी दिवसभर हातोहात फिरली.
परसोडीतही मासे मरत होते,
तिथे आमचं नाव घेत होते.

मी नागपूरहून आले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ.
आईने विचारलं, मासे न्यायले आलीस काय वं?
हो म्हटलं. खोटं नव्हतं.
शाळेच्या ओट्यावर मासा उभा चिरला,
काट्याला चिकटलेल्या काळपट मूत्रपिंडाला
कापूस टेकवला.
परसोडीचे तीन मासे यमुना पचारेने आणले,
रात्री, पदराखाली,
कारण दिवसा त्या गावाचं पाणीही आम्ही पीत नव्हतो.

यंत्र एवढंसं, मुठीत मावणारं.
त्यात डोळ्याला न दिसणारी भोकं,
भोकांतून जिवाणूचा धागा सरकतो,
जसं अंधारात बाप जाळं सरकवतो बोटांखालून
गाठ न् गाठ,
कुठे फाटलंय ते बोटांनाच कळतं.

सत्तेचाळीस लाख अक्षरं,
आणि अक्षरं चारच : ए, टी, जी, सी.
बाप पडद्यासमोर उकिडवा बसला.
एवढुशा बाराखडीत बिमारी मावते?
अडीचला लाइन गेली,
भजनमंडळाचा इन्व्हर्टर आणला.
बाहेर देवधानात कुठलंसं पाखरू
सारखं एकच काहीतरी विचारत होतं.

पहाटे कळलं. एरोमोनास.
विष नव्हे.
आमच्या तळ्यात तोच, त्यांच्या तळ्यात तोच.
फक्त आमच्यात जे बदल होते
ते सगळे परसोडीत होते, आणि वर दोन नवे.
वर्गात नक्कल करणारा पोरगा
आधीच्याच्या चुका जशाच्या तशा उतरवतो,
वर स्वतःच्या दोन घालतो.
म्हणजे वही आमची होती.

मी तीनदा ताडून पाहिलं.
चौथ्यांदा ताडायचं कारण नव्हतं, तरी पाहिलं.

दसऱ्याला परसोडीचं जाळं फाटलं होतं.
लिलावाच्या आधी, सगळे बोलत होते तेव्हा.
बापानेच आपलं महाजाळ नेऊन दिलं,
सायकलच्या कॅरिअरवर,
ओलंच,
वाटभर पाणी गळत.

सांगितलं.
त्याने बिडी पेटवली नाही, नुसती धरली.
यात आपलं नाव लिवलं हाय काय?
नाही बाबा, जिवाणूत माणसाचं नाव नसतं.
मंग कोनाले समजन?
मी गप्प.
तोही गप्प, बराच वेळ.
मंग मलेच सांगा लागन, म्हणाला.

उन्हं वर आली तेव्हा त्याने महाजाळ
ब्लिचिंगच्या पाण्यातून काढून
पाळीवरच्या मोहाखाली पसरलं,
सावली सरकली तसं तेही ओढत नेलं उन्हात.
मग सायकल काढली. कॅरिअर रिकामं.

अंधार पडल्यावर आला.
शर्टाचं वरचं बटण नव्हतं,
आणि पिशवीत परसोडीच्या तळ्यातले
पावशेर शिंगाडे होते.
काय झालं ते बोलला नाही.
आईने शिंगाडे उकडायला ठेवले.

मी यंत्र पुसून डब्यात ठेवलं.
त्या अक्षरांत आणखी एक जागा सापडली होती,
ऑक्सिटेट्रासायक्लिन पचवायला शिकलेली.
ती पुडी, कोंड्यात कालवून,
दोन वर्षं टाकायला फोनवरून सांगणारी
मीच.

ते अजून कोणाला सांगितलं नाही.
शिंगाडे गोड निघाले.