झटपट

आमच्या घरात 'झटपट' ही शिवी होती.
बाबा म्हणायचे, रोप लावलं की चौथ्या वर्षी पहिलं फळ,
फूल झडल्यापासून लाल व्हायला आठ महिने,
आणि तो डबेवाला सांगतो : चमचाभर टाका, ढवळा, झालं.
एवढं बोलून ते थुंकायचे
होलुआलोआच्या काळ्या लाव्ह्यावर,
जिथे मातीपेक्षा दगड जास्त
आणि तरी झाड उभं राहतं.

तू वर गेलीस, सात्सुए,
आणि पहिल्याच निरोपात मागितलीस ती कॉफीच.
आपल्या उताराची.

मग तीन पोती बाजूला काढली.
एफ्रेनने एकेक लाल बघून खुडली,
खुडताना इलोकानोत काहीतरी पुटपुटत होता.
विचारलं तर म्हणाला, मैलांचा हिशेब लागत नाही.
बिया वाळवल्या त्याच रुळांवर सरकणाऱ्या छपराखाली,
पाऊस आला की ढकल, ऊन पडलं की ढकल,
लहानपणी आपली आगगाडी.
पुढे हिलोला भाजली, उकळली, गोठवली,
बर्फातून पाणी उडवून नेलं.
उरली तपकिरी, रवाळ धूळ.
बाबांनी चिमूटभर तळहातावर घेतली.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "हलकी आहे."
हे दूषण की कौतुक,
मला अजून कळलेलं नाही.

काल पडद्यावर तू.
केस चहूकडे, हातात चंदेरी पिशवी, तोंडात नळी.
म्हणालीस, वास येत नाही गं,
नाक सदा चोंदलेलं, आणि वाफ तरी कुठे जाणार,
इथे 'वर' असं काही नाहीच.
मग आम्हाला दाखवायला नळी दाबलीस.
थेंब पडला नाही.
बोराएवढा, गोल, थरथरत राहिला
फांदीवाचून.
तू तो ओठांनी खुडलास.

"पाणी कुठलं?" बाबांनी विचारलं.
तू हसलीस : कालचंच. सातजणांचा घाम, श्वास
आणि, बाबा, ते दुसरंसुद्धा.
यंत्र गाळतं. आजची कॉफी उद्याची कॉफी होते.
मला वाटलं, आता थुंकणार.
ते खिडकीबाहेर बघत होते,
दुपारचा ढग समुद्रावरून उतार चढत होता.
"इथेही तेच," म्हणाले,
"फक्त गाळायला वेळ लागतो."

आज पहाटे तू डोक्यावरून जाणार होतीस.
जाग आली ती छपराच्या चाकांच्या कुरकुरीने.
सत्त्याऐंशीव्या वर्षी एकट्याने ढकललं होतं त्यांनी,
वाळत घातलेल्या बियांवर चांदण्या उघड्या.
त्याआधी स्वयंपाकघरात
चमचा कपाला लागल्याचा आवाज मी ऐकला होता.
दोनदाच.

तू आलीस, न लुकलुकता,
हुआलालाईच्या खांद्यावरून निघालीस
आणि पाचेक मिनिटांत सावलीत विझलीस.

मी दारातूनच परत फिरले.
कप त्यांनी पाठीमागे लपवला होता,
त्यातून वाफ येत होती,
वर जात होती.