चारशे चाळीस

लुजेर वेलेटच्या स्वयंपाकघरात मी गेलो
ते त्याच्या मुलीने ट्यूसनहून पैसे भरले म्हणून.
जुन्या लाइनचे महिना अठ्ठावन्न डॉलर,
नव्या डब्याचे एकोणीस,
आणि त्यात कॅनडा फुकट.
नदीपलीकडे त्याची मेहुणी राहते,
खिडकीतून तिचं धुराडं दिसतं,
पण बिलावर ती आजवर परदेशात होती.

डबा लावला. तळहाताएवढा, एक निळा दिवा.
"हा इंटरनेटवरून बोलतो," म्हटलं.
"कुणाशी?" त्याने विचारलं.

मग रिसीव्हर उचलून कानाला न लावता
टेबलावर उताणा ठेवला,
फिडल हनुवटीखाली घेतलं
आणि खुंटी पिळायला लागला.
वीस वर्षं या खोऱ्यात फोन जोडतोय,
डायल टोनवर तार लावणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.
"दोन सूर असतात त्यात," म्हणाला.
"वरचा आपल्या कामाचा.
खालचा ऐकून सोडून द्यायचा, पाद्र्यासारखा."

डब्याचा सूर बरोबर निघाला. केसाचाही फरक नाही.
तो जरा हिरमुसला.
"येतो कुठून?"
खरं ते सांगितलं: कुठूनच नाही.
डबाच तयार करतो,
जुनी सवय असलेल्या माणसांसाठी.
शिवाय समोरचा गप्प झाला
की मागे थोडी खरखर भरतात, मुद्दाम बनवलेली,
नाहीतर इतकं सामसूम होतं
की माणूस घाबरून विचारतो, हॅलो, आहेस ना?

डब्याकडे तो बराच वेळ बघत होता.
"म्हणजे सोळा मैलांवर कुणीतरी
सूर धरून बसायचं, दिवसरात्र,
मी उचलो न उचलो.
आणि हा आपला आपल्याशीच गुणगुणतो."

मी कागद पुढे केला. वीज गेल्यास
हा फोन बंद पडेल, हे मला समजले आहे.
पत्ता बदलल्यास कळवीन, अन्यथा रुग्णवाहिका
जुन्या पत्त्यावर जाईल.
"मी कुठे जातोय?" म्हणत त्याने सही केली.

जानेवारीत पाऊस पडता पडता गोठला.
तारांवर मनगटाएवढी काच.
अर्ध्या रात्री खांब मोडल्याचे आवाज,
मग काहीच नाही.
डब्याची बॅटरी आठ तास. वीज चार दिवस गेली.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे पोचलो.
चूल धडधडत होती, माणूस ठीक होता, फिडल उतरलं होतं.
संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळं गाव जमणार,
स्टोव्ह तिथेच, सूपही तिथेच,
आणि वाजवायला हाच.
"कानाने लाव की," मी म्हटलं.
"लावीन. पण मग माझाच कान खरा मानायचा.
तो ब्याऐंशी वर्षांचा आहे."

बाहेरच्या भिंतीवर जुनी करडी पेटी होती.
मीच ऑक्टोबरात तिच्यातून त्याला सोडवलं होतं.
बंद केलेल्या लाइनीतही कधी कधी धुगधुगी राहू देतात,
नंबर नाही, बिल नाही,
फक्त मदतीला हाक मारण्यापुरती.
दातांनी हातमोजा ओढून काढला,
दोन चिमटे दोन तारांना लावले.

होता.

एक्स्चेंजच्या तळघरात कुणीतरी
जनरेटरला डिझेल पाजत असणार.
लुजेर कानटोपी घालून दारात आला,
मी टेस्ट फोन त्याच्या कानाशी धरला,
माझी बोटं निळी पडेपर्यंत त्याने ती एक तार लावली.
बाकीच्या तिच्यावरून, घरात.
जाताना फोनमध्ये वाकून म्हणाला, "मेर्सी."

पलीकडे कुणी नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

मे महिन्यात ठेकेदार आले,
तांबं गुंडाळलं, ट्रकवर टाकलं.
किती भरलं, मी विचारलं. वजन अजून व्हायचं होतं.
मुलीने चिमट्यासारखं एक यंत्र पाठवलंय,
फिडलच्या डोक्याला लावायचं,
सूर लागला की हिरवा दिवा.
"चालतं का?" म्हटलं.
"चालतं," लुजेर म्हणाला. "आवाज मात्र मलाच काढावा लागतो."
मेहुणीशी तो आता रोज बोलतो,
फुकट आहे म्हणून भांडणंही लांबतात.