तोकडी झिलई

लाल नदीच्या बांधाखाली, बात त्रांगच्या एका बोळात,
जिथे भिंतींवर अजून कोळशाच्या वड्या थापतात
आणि थापणाऱ्याची पाची बोटं त्यांवर वाळून राहतात,
तिथे भट्टी उघडली की कोणी बोलायचं नाही.
बोलणार भांडी.

टिण्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टिण् टिण्, आणि वरच्या फळीवरून बारीक कुरकुर,
उंदराच्या पिल्लाला कुणी तांदळाचा दाणा दिल्यासारखी.

ल्वा सांगते, यात जादू काही नाही.
निवताना माती आकसते थोडी, झिलई जास्त.
पहिल्या धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखी
ती अंगाला तोकडी पडते
आणि उसवते, शिवण नव्हतीच अशा जागी.
एवढंच, म्हणते ती.
आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी
भट्टी उघडलेल्या रात्री घरात झोपत नाही,
खाट ओढून शेडमध्ये नेते.

नवरा, खोआट, कानांनी अधू.
आधी बारीक आवाज गेले: डास, चिमण्या, झिलई.
मोठे उरले: ट्रकचा भोंगा, आईची हाक.
गरम वाडगा तळहातांवर पालथा घेऊन तो डोळे मिटून बसायचा.
"फुटली," म्हणायचा, जरा उशिराच,
आणि ल्वा त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणायची, "हो, आत्ताच."
फुटलेली असो नसो.

दुसऱ्या दिवशी शाई.
चिंधीने चोळायची, पुसायची,
भेगेला हवी तेवढी भेगेनं ठेवून घ्यायची.
आठवड्याने आणखी भेगा येतात, नाजूक, आधीच्यांच्या मधून;
त्यांना चहाचा काढा.
गिऱ्हाईक म्हणतं, काय दुरंगी जाळी आहे!
ल्वाला दिसतात नुसते दोन वार:
काळा मंगळवार, तांबूस सोमवार.

त्या वर्षी एक धूपपात्र तडकलंच नाही.
सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत, गप्प.
हायफाँगच्या फिएनशेठनं त्यावरून अंगठा फिरवला,
दिव्याखाली धरलं, बाजूला ठेवलं.
तडा नाही म्हणून नापास.
खोआटनं ते खिडकीत नेलं,
त्यात स्क्रू, लायटर, पेनचं टोपण,
आणि एक किल्ली, जिचं कुलूप कुणालाच आठवत नव्हतं.

तो थंडीत गेला.
स्क्रू ओतले, तुसाची राख भरली,
त्याच्या फोटोपुढे, पूर्वजांच्या फळीवर, तेच ठेवलं.
नवं घ्यायचं तर फिएनशेठच्या भावानं घ्यावं लागलं असतं,
आपलंच, आपल्याच भट्टीतलं.

चौथ्या वर्षी, टेट उलटून गेल्यावर,
ती ओली हवा आली, दर वर्षी येते तशी.
फरशीला घाम, आरशाला घाम,
दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच.
मातीनंही म्हणे अशा हवेत पाणी पिऊन
इतक्या वर्षांनी अंग फुगवलं, केसभर.

रात्री दोनच्या सुमारास:
टिण्.

एकच.
ल्वानं दिवा लावला नाही.
उशीवरून मान तेवढी वळवली.
"हो," म्हणाली, "आत्ताच."

सकाळी शाईची बाटली काढली, झाकण उघडलं,
परत लावलं.
धूर भरेल त्यात, सावकाश, हवा तो रंग घेऊन.
मग ती फरशी पुसायला बसली,
पाय घसरत होता म्हणून.